चिनी, जपानी, कोरियन शाकाहारी स्वयंपाक: मासा ताटात दिसत नाही, रश्श्यात असतो

वाफाळलेली

घरी जपानी किंवा चिनी काही करायचं ठरलं की शाकाहारी माणूस टोफू, नूडल्स आणि सोया सॉसची बाटली आणतो. पदार्थ होतो, खाल्लाही जातो, पण चवीला पाणचट लागतो. मग सगळं खापर टोफूवर फुटतं. माझ्या मते टोफू निर्दोष आहे. घोळ रश्श्याचा आहे.

जपानी स्वयंपाकातल्या बहुतेक रसदार पदार्थांच्या तळाशी दाशी असते. नेहमीची दाशी कोम्बू या समुद्री शेवाळाची आणि कात्सुओबुशीची. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवलेला बोनिटो मासा. त्याचा कीस गरम पाण्यात टाकतात आणि गाळून घेतात. म्हणजे मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टचं) सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, आगेदाशी या तळलेल्या टोफूभोवतीचं तपकिरी पाणी हे सगळं दिसायला शाकाहारी, आणि आत मासा. कोरियात हेच काम सुकवलेल्या अँचोवी, म्हणजे बारीक मासे, करतात. तॉकबोक्कीत दिसतात फक्त तांदळाचे रोल आणि लाल सॉस, पण खालचं पाणी बहुधा अँचोवीचंच. चीनमध्ये कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचं सूप, आणि वरून ऑयस्टर (शिंपल्यांचा) सॉस.

आपण करतो काय, तर मांसाच्या जागी टोफू घालतो आणि रश्श्याच्या जागी नळाचं पाणी. चव येणार कुठून?

यावरचा तोडगा बौद्ध मठांच्या स्वयंपाकघरांनी शतकांपूर्वीच काढून ठेवला आहे. चीनमध्ये ल्यांग घराण्याच्या वू सम्राटाने (राज्यकाळ ५०२ ते ५४९) भिक्षूंसाठी मांसाहार वर्ज्य करण्याचा जोरदार पुरस्कार केला. जपानमध्ये झेन गुरू दोगेन यांनी १२३७ साली मठातल्या मुख्य स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र लेखन केलं. त्यांनी १२४४ साली स्थापन केलेला एइहेइजी मठ आजच्या फुकुइ प्रांतात आहे. मठातल्या या स्वयंपाकाला शोजिन र्योरी म्हणतात. त्यातली दाशी कोम्बू, सुकवलेले शिताके मशरूम, कधी भाजलेले सोयाबीन, कधी कान्प्यो नावाच्या सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या यांची असते.

मी घरी करते ती अशी: १ लिटर गार पाण्यात १० ग्रॅम कोम्बू आणि ३-४ सुके शिताके रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मंद आचेवर ठेवायचं, कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की कोम्बू काढायचा. तो उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. शिताके मात्र अजून दहा मिनिटं उकळले तरी चालतात. कोम्बूवर पांढरी भुकटी असते ती धुऊन टाकू नका, चवीचा भाग आहे. फार तर कोरड्या फडक्याने पुसा.

ही दाशी तयार असली की बाकीचं सोपं. तुम्ही काय करता ते लिहा.

मौनीबाबा

कोम्बूचं पाणी नुसतंच मीठ घालून पिऊन बघा. बाकी काही लिहायची गरज उरत नाही.

झाकणझुल्या

सगळं मान्य, पण एक सांगू का? मासा काढला की ती चव येत नाही. मनाची समजूत घालायची तर घाला.

खटपट्या

झाकणझुल्या, अर्धं खरं आहे तुमचं. कात्सुओबुशीला जो धुराचा वास असतो तो शिताकेतून येणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. पण रश्श्याचा भरीवपणा येतो, आणि तो का येतो याचं कारण ठाऊक आहे.

१९०८ साली टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठात किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बूच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी कात्सुओबुशीतलं इनोसिनेट शोधलं. नंतर आकिरा कुनिनाका यांनी शिताकेतल्या ग्वानिलेटवर काम केलं. त्यातली मोठी गोष्ट ही, की ग्लुटामेटबरोबर इनोसिनेट किंवा ग्वानिलेट आलं की चव बेरजेने वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. म्हणजे मासा जे काम करतो तेच काम शिताके दुसऱ्या रेणूने करतो. भिक्षूंनी हे जिभेवरून ओळखलं होतं, प्रयोगशाळा मागून आली.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. एक, ताजे शिताके चालत नाहीत, सुकेच हवेत. ग्वानिलेट सुक्या मशरूमच्या भिजण्यात आणि मग तापण्यात तयार होतं. दोन, घाईने उकळत्या पाण्यात भिजवू नका. गार पाणी, बरेच तास, मग हळूहळू ताप.

आणि नुसतं कोम्बूचं पाणी बेताचं वाटतं, नुसतं शिताकेचं उग्र. जोडीनेच वापरा. अगदी हलकं, पारदर्शक सूप हवं असेल तेव्हा फक्त शिताके कमी करायचे.

नवशिकी

वाफाळलेली ताई, वापरलेला कोम्बू टाकून द्यायचा का? जिवावर येतं.

वाफाळलेली

मुळीच नाही. तोच कोम्बू आणि तेच शिताके अर्ध्या पाण्यात पुन्हा उकळले की दुसरी दाशी मिळते, भाज्या शिजवायला पुरेशी. त्यानंतर कोम्बूच्या बारीक पट्ट्या कापून सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची वाइन), थोडी साखर घालून पाणी आटेपर्यंत शिजव. वर तीळ. याला त्सुकुदानी म्हणतात, गरम भातावर उत्तम. शिताके चिरून कुठल्याही सारणात.

एक सावधगिरी: कोम्बूत आयोडीन भरपूर असतं. थायरॉइडचा त्रास असेल तर रोज नको, डॉक्टरांना विचारून. आणि हिजिकी नावाचं काळं, दोऱ्यासारखं शेवाळ मिळतं, ते मी घेतच नाही. त्यात अकार्बनी आर्सेनिक जास्त असतं, ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ पासून ते न खाण्याचाच सल्ला दिला आहे.

तळ्यातमळ्यात

चांगला विषय. मी काही वर्षं तैपेईत राहिले आहे, म्हणून लेबलांबद्दल लिहिते. तैवानमध्ये शाकाहारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद खाद्यपदार्थावर प्रकार लिहावा लागतो, आणि ते पाच आहेत: पूर्ण शाकाहारी, अंडं असलेला, दूध असलेला, दूध-अंडं दोन्ही असलेला, आणि पाचवा म्हणजे वनस्पतिजन्य पण ज्यात पाच उग्र वनस्पती किंवा दूध-अंडं असू शकतं असा.

या पाच उग्र वनस्पती बौद्ध परंपरेत वर्ज्य: लसूण, कांदा, चाइव्ह्ज, लीकसारख्या पाती आणि, हसू नका, पाचवं स्थान बहुतेक चिनी याद्यांत हिंगाचं. त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मठाच्या पाककृती जशाच्या तशा चालतात. उलट, ज्यांना शाकाहार म्हणजे कांदा-लसणासह हवा आहे त्यांनी पाचवा प्रकार बघावा.

तैवानमधून आलेलं पाकीट असेल तर मी डोळे मिटून घेते. जपानी आणि कोरियन पाकिटांवर मात्र घटक वाचल्याशिवाय हात लावत नाही. तयार मिसोमध्ये कधी आधीच दाशी मिसळलेली असते, इन्स्टंट मिसो सूपमध्ये तर जवळजवळ नेहमीच. कोरियन द्वेनजांग ही आंबवलेली पेस्ट मुळात सोयाबीन आणि मीठ एवढंच, पण स्ट्यूसाठी म्हणून विकतात त्या डब्यांत अँचोवी किंवा शिंपल्यांचा अर्क असू शकतो. ओकोनोमियाकी या जपानी धिरड्याच्या सॉसमध्येही मासा निघतो. मशरूमचा 'शाकाहारी ऑयस्टर सॉस' सहज मिळतो आणि चांगला असतो.

झाकणझुल्या

नूडल्सचं काय? रामेनच्या पिवळ्या नूडल्स अंड्याच्या ना?

खटपट्या

पिवळा रंग बहुतेक वेळा अंड्याचा नसतो. पिठात कान्सुइ हे क्षारयुक्त पाणी घालतात, त्याने मैद्याचा रंग पिवळा होतो आणि नूडल्सना तो विशिष्ट चिवटपणा येतो. पण काही कंपन्या अंडंही घालतात, तेव्हा वाचावं लागतंच. उदोन म्हणजे गहू, पाणी, मीठ. सोबामध्ये बकव्हीट, बरेचदा थोडा गहू. कोरियन दांगम्यॉन रताळ्याच्या स्टार्चचे. हे तिन्ही निर्धोक.

वाफाळलेली

आता टोफूची बाजू घेते, कारण त्याला फार सोसावं लागलं आहे.

टोफू एकच नसतो. सोयाच्या दुधात काय घालून ते विरजवलं यावर सगळं आहे. जपानी निगारी म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड, त्याने गोडसर चवीचा टोफू होतो. चिनी पद्धतीत जिप्सम, त्याने मऊ आणि गुळगुळीत. पाकिटातच विरजवून घट्ट केलेला सिल्कन टोफू दाबला जात नाही, त्यातलं पाणी बाहेर पडतच नाही. म्हणून सिल्कन टोफू वोकमध्ये (चिनी कढईत) परतायला घेतला तर लापशी होणारच. तो सूपसाठी, किंवा गार खाण्यासाठी: वर सोया सॉस, किसलेलं आलं, बस्स.

परतायचा असेल तर घट्ट टोफू घ्या, वजन ठेवून पाणी काढा. अजून चांगलं म्हणजे तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी वितळवून तळहातांत दाबून पिळा. बर्फाच्या स्फटिकांनी आत पोकळ्या होतात आणि टोफू स्पंजासारखा रस पितो. जपानमध्ये कोयासान पर्वतावरच्या मठांचा कोया-दोफू हा गोठवून सुकवलेला टोफू याच तत्त्वावर आहे.

नवशिकी

आणि मापो टोफू? तो मऊ असतो आणि तरी मोडत नाही. ती डिश मला सगळ्यात जास्त करायची आहे.

वाफाळलेली

मापो टोफू ही डिश चीनच्या सिचुआन प्रांतातल्या छंग्दू शहराची. १८६२ साली वानफू पुलाजवळच्या चेन यांच्या खाणावळीतून ती आली असं सांगतात. मूळ पदार्थात गोमांसाचा खिमा असतो, पण चवीचा भार खिम्यावर नाही. तो आहे दोउबानज्यांगवर: फावा (ब्रॉड) बीन्स, मिरची, मीठ आणि थोडा गहू आंबवून केलेली लाल, खारट पेस्ट, छंग्दूजवळच्या पीश्यान भागाची प्रसिद्ध. ही पेस्ट शाकाहारीच असते. म्हणून हा पदार्थ शाकाहारात फार कमी गमावतो.

चार जणांसाठी ४०० ग्रॅम मऊ टोफू. दोन सेंटिमीटरचे तुकडे करून हलक्या खारट, गरम पाण्यात पाच मिनिटं मंद आचेवर ठेव. इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, यात तुकडे आवळतात आणि आतपर्यंत मीठ जातं. चार भिजवलेले शिताके अगदी बारीक चिरून तेलात कडा तपकिरी होईपर्यंत परत आणि बाजूला काढ. त्याच वोकमध्ये तीन मोठे चमचे तेल, मध्यमपेक्षा कमी आच, दोन चमचे दोउबानज्यांग. घाई नको. तेल लालभडक होऊन पेस्टपासून सुटेपर्यंत परतायचं, दोन-तीन मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर ती करपते आणि कडू होते. मग चमचाभर आंबवून खारवलेले काळे सोयाबीन, आलं, लसूण, मिरचीपूड. शिताके परत आत. दीड कप दाशी, अर्धा चमचा साखर, चमचाभर सोया सॉस. उकळी आली की निथळलेला टोफू. चमच्याने ढवळू नकोस, डावाच्या पाठीने ढकल.

कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून तीन वेळा थोडं थोडं घाल. एकदम घातलं तर गोळा होतो, आणि थोडंच घातलं तर टोफू पाणी सोडतो आणि रस्सा परत पातळ होतो. शेवटी कोरडी भाजून कुटलेली सिचुआन मिरी. जिभेला मुंग्या येतात त्या तिच्यातल्या सॅन्शूल या रसायनामुळे. जुनी मिरी असेल तर नुसता वास राहतो, मुंग्या नाहीत. काळ्या बिया काढून टाक, त्या वाळूसारख्या लागतात. मीठ शेवटी चाखूनच, पेस्ट आणि सोयाबीन दोन्ही खारट आहेत.

मौनीबाबा

वाचूनच भात लावला.

झाकणझुल्या

भातावरून आठवलं. जपानी भात चिकट होतो की चिखल होतो, मधलं काही नाही.

खटपट्या

आखूड दाण्याचा तांदूळ पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होईतो धुवा, अर्धा तास भिजवा, निथळून एक वाटीला सव्वापेक्षा थोडं कमी पाणी. उकळी आली की आच अगदी मंद, बारा-तेरा मिनिटं, मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसाच. आणि तुमचं नाव काहीही असो, मधे झाकण उघडायचं नाही.

तळलेल्या भातासाठी आदल्या दिवशीचा गार भात घेतात, त्यात एक धोका आहे. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात. परतल्याने ते विष जात नाही. भात पसरून लवकर गार करा आणि तासाभरात फ्रिजमध्ये.

याहून गंभीर गोष्ट वुड इअर मशरूमची. हे सुके काळे मशरूम तासभर भिजले की पुरे. पण लोक ते खोलीच्या तापमानाला दोन-दोन दिवस भिजत ठेवतात. त्यात बर्खोल्डेरिया जातीचा एक जिवाणू वाढून बॉन्ग्क्रेकिक आम्ल तयार करू शकतो. ते उकळून जात नाही, त्यावर उतारा नाही. चीनमध्ये यातून विषबाधा झाल्या आहेत. याच विषाने २०२० मध्ये हेलोंगज्यांग प्रांतात आंबवलेल्या मक्याच्या नूडल्स खाऊन नऊ जण दगावले. लागतील तेवढेच भिजवा, त्याच दिवशी शिजवा.

तळ्यातमळ्यात

हे माहीत नव्हतं. चंद्रवर्षाच्या सुरुवातीला करतात त्या लुओहान झाइ या चिनी शाकाहारी पदार्थात वुड इअर असतातच: सोबत शिताके, लिलीच्या सुकवलेल्या कळ्या, सोयाच्या दुधाची साय, गव्हाचं ग्लूटेन, काचेसारख्या शेवया. मला वाटतं नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. सगळं एकाच भांड्यात मंद शिजतं, वोकची कसरत नाही. आंबवलेल्या लाल टोफूचा एक चौकोन रश्श्यात विरघळवला की काम झालं.

नवशिकी

वोकची कसरत म्हणजे तेच ना, माझ्या भाज्या परतल्या जात नाहीत, वाफवल्या जातात!

वाफाळलेली

घरच्या शेगडीची ताकद रेस्टॉरंटच्या बर्नरपुढे काहीच नाही, तेव्हा वोक भरून भाजी टाकली की तापमान कोसळतं आणि भाजी पाणी सोडते. एका वेळी दोन मुठी, तेवढीच. भाजी धुतल्यावर पूर्ण कोरडी. आधी देठ, मग पानं. सॉस आधीच एका वाटीत कालवलेला. भाजलेल्या तिळाचं तेल गॅस बंद केल्यावर, त्यात परतायचं नाही. सपाट लोखंडी तवासुद्धा चालतो, वोकच हवा असं काही नाही.

झाकणझुल्या

आणि एवढी दाशीची उठाठेव टाळून चिमूटभर अजिनोमोटो घातला तर? की आता मला इथून हाकलणार?

खटपट्या

कशाला हाकलू? कोम्बूतून इकेदांनी काढलं तेच ते. हल्ली ऊस, मका, टॅपिओका यांच्यापासून आंबवून बनवतात, शाकाहारी आहे. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पत्रावरून त्याची बदनामी सुरू झाली. अमेरिकेचं अन्न आणि औषध प्रशासन त्याला सुरक्षितच मानतं. त्यात सोडियम साधारण १२ टक्के, मिठात ३९, म्हणजे थोडं मीठ कमी करून चिमूटभर घातलं तर एकूण सोडियम घटतं.

पण त्याने रस्सा होत नाही. ग्लुटामेट मिळतं, शिताके, शेवाळ, भाजलेल्या सोयाबीनचा वास मिळत नाही. मी दाशीत चिमूट घालतो, दाशीऐवजी नाही.

वाफाळलेली

मी घालत नाही, पण भांडणारही नाही.

तळ्यातमळ्यात

किमचीबद्दल, म्हणजे कोरियन आंबवलेल्या कोबीबद्दल, कोणीच लिहिलं नाही! बाजारातल्या बहुतेक किमचीत खारवलेली कोळंबी नाहीतर फिश सॉस असतो. घरी करा. चिनी कोबीच्या पानापानांत मीठ चोळून, देठ न मोडता वाकतील इतके तास ठेवा, दोन-तीनदा धुवा, निथळा. तांदळाच्या पिठाची पातळ पेज शिजवून गार करा. त्यात गोचुगारू, म्हणजे कोरियन भरड मिरची, आलं, लसूण, किसलेलं नासपती, मुळ्याच्या काड्या. फिश सॉसच्या जागी वाफाळलेलीची दाशी आटवून दाट केलेली, त्यात सोया सॉस. साधी लाल मिरचीपूड गोचुगारूच्या प्रमाणात घालू नका, खाणाऱ्याचे हाल होतील. बरणी गच्च भरू नका, वर जागा हवी. एक-दोन दिवस बाहेर, मग फ्रिज. कोरियन मठांत लसूण-कांदापातही वगळतात आणि आलं, मुळा, शेवाळावर भागवतात. ती किमची हलकी, स्वच्छ लागते. मला तीच जास्त आवडते.

नवशिकी

आणि फार आंबट झाली तर?

तळ्यातमळ्यात

तर जिगे, म्हणजे कोरियन रस्सा कर, त्याला जुनी आंबट किमचीच घेतात. चिरून तिळाच्या तेलात मंद आचेवर परत, साखरेची चिमूट, बरणीतलं थोडं पाणी, मग दाशी. दाशी नसेल तर तांदूळ धुतलेलं पाणी घे, त्याने रस्सा दाटसर होतो. पहिलं धुवण टाकून दे, दुसरं-तिसरं घे. पंधरा मिनिटं उकळ, शेवटी मऊ टोफूचे जाड तुकडे.